महागडा टॅक्टिकल टॉर्च घ्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेताला रात्रीचं पाणी देणारे, गडावर मुक्कामाला जाणारे, रातपाळीला पहारा करणारे अशा सगळ्यांकडून फिरून फिरून हेच प्रश्न येतात. तीनशे रुपयांतही टॉर्च मिळतो आणि वीस हजारांतही. मधला फरक नेमका कशाचा, तो कुणाला उपयोगी पडतो आणि कुणाचे पैसे वाया जातात, याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

एका वाक्यात सांगा, पाच-सात हजारांचा टॉर्च घ्यावा की नाही?

अंधारात काम करणं तुमचं रोजचं असेल आणि टॉर्च ऐनवेळी विझला तर जिवाशी गाठ असेल, तर घ्यावा. लाइट गेल्यावर मीटरपर्यंत जायला किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये चावी शोधायला घेऊ नये. या दोन टोकांच्या मध्ये बरेच लोक आहेत. त्यांच्यासाठी दीड ते तीन हजारांत आज चांगला टॉर्च मिळतो.

टॅक्टिकल टॉर्चमध्ये वेगळं असतं तरी काय?

हा प्रकार पोलीस आणि सैनिकांच्या गरजेतून पुढे आला. अमेरिकेत १९७९ साली मॅगलाइटचा ॲल्युमिनियमचा दणकट टॉर्च बाजारात आला आणि तिथल्या पोलिसांच्या पट्ट्याला लागला. पुढे १९८०च्या दशकात श्योरफायर कंपनीने मुठीत मावेल एवढ्या टॉर्चमधून ६५ लुमेन (लुमेन म्हणजे टॉर्च एकूण किती उजेड देतो त्याचं माप) काढून दाखवले. तेव्हा बल्ब तारेचा होता, त्यामुळे ही मोठी मजल होती. आज साधा एलईडी टॉर्चसुद्धा याहून जास्त उजेड देतो.

आता या टॉर्चची ओळख सांगायची तर बटण शेपटीला असतं, अंगठ्याने दाबलं की पहिल्याच दाबात पूर्ण उजेड पडतो. झोत लांब जातो. पुढची कड कठीण धातूची, दातेरी असते, आणि डोळे दिपवणारी भराभर उघडझाप होते. यातलं शेपटीचं बटण खरोखर कामाचं आहे. हातमोजे असोत, हात चिखलाने भरलेले असोत, टॉर्च उलटसुलट धरलेला असो, बटण चाचपडावं लागत नाही. पुढच्या दातेरी कडेचा मात्र शेतकऱ्याला किंवा ट्रेकरला काडीचा उपयोग नाही. खिसा तेवढा फाटतो.

खोक्यावर '५०००० लुमेन' लिहिलेलं असतं. ते खरं मानायचं का?

अजिबात नाही. आणि हे पडताळायला उपकरण लागत नाही, शाळेतलं गणित पुरतं.

चांगल्या टॉर्चमध्ये बहुधा १८६५० नावाचा लिथियम सेल असतो. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. चांगल्यात चांगल्या कंपनीच्या अशा सेलची क्षमता, म्हणजे त्यात किती वीज साठते ती, ३५०० एमएएचच्या आसपास असते आणि व्होल्टेज सरासरी ३.६. दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागलं की साधारण १२.६ वॅट-तास ऊर्जा मिळते. टॉर्चमधला चांगला एलईडी सगळी गळती धरून एका वॅटमागे १०० ते १२० लुमेन देतो. म्हणजे एका सेलमध्ये सुमारे १४०० लुमेन-तास आहेत असं धरा. १००० लुमेनवर लावला तर जेमतेम दीड तास, १०० लुमेनवर ठेवला तर चौदा तास.

आता ऑनलाइन जाहिरातीत 'एक सेल, ५००० लुमेन, सलग १० तास' असं दिसलं, तर त्याला ५०००० लुमेन-तास लागतील. म्हणजे असे ३५ सेल. मुठीत मावणाऱ्या नळीत ते बसणार कुठून? त्याचप्रमाणे १८६५० सेलवर '९९०० एमएएच' छापलेलं दिसलं की तो सेल हातात घेऊ नका. एवढी क्षमता या आकारात कुणीही बनवत नाही. जो सेलवर खोटं छापतो, तो आतल्या सुरक्षेच्या बाबतीत खरं वागेल असं मानायला काहीच आधार नाही.

मग खरे आकडे कुठे बघायचे?

खोक्यावर 'एफएल १' असा उल्लेख आणि चौकटीत छोटी चिन्हं आहेत का ते पाहा. टॉर्चच्या उत्पादकांनी २००९ साली अमेरिकेत मोजणीची एकच पद्धत ठरवली, तिचं हे नाव. या पद्धतीत उजेड लावल्याबरोबर मोजत नाहीत, तीस सेकंदांनंतर मोजतात. त्यामुळे क्षणभराची चमक दाखवून आकडा फुगवता येत नाही.

पण इथेही एक गोम आहे. किती वेळ चालतो हे मोजताना उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. त्यामुळे '२००० लुमेन, ३ तास' वाचून तीन तास २००० मिळतील असं समजू नका. पहिली दोन-तीन मिनिटं २०००, मग टॉर्च तापला की सात-आठशे, असा तो प्रवास असतो. भल्या कंपन्या मिनिटागणिक उजेड कसा उतरतो याचा आलेख देतात. मला विचाराल तर खरेदीआधी बघण्यासारखी सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हा आलेखच आहे.

झोत ४०० मीटर जातो म्हणजे ४०० मीटरवरचं दिसतं का?

नाही. त्याच मोजणीत झोताचं अंतर म्हणजे जिथे उजेड पाव लक्स उरतो तिथपर्यंतचं अंतर. पाव लक्स म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका. चांदण्यात बांधावर काहीतरी आहे एवढं कळतं, कुत्रा आहे की कोल्हा ते कळत नाही. ओळख पटण्याजोगं बघायचं तर छापील अंतराच्या निम्मं धरा, झाडझाडोरा असेल तर एक तृतीयांश.

लांब पल्ला लुमेनवर नाही, कँडेलावर, म्हणजे झोत एका दिशेला किती तीव्र आहे यावर ठरतो. १०००० कँडेलाला २०० मीटर. ४०० मीटर हवे असतील तर दुप्पट कँडेला पुरत नाही, चौपट म्हणजे ४०००० लागते. म्हणून लांब पल्ल्याच्या टॉर्चचं तोंड मोठं असतं आणि किंमत झपाट्याने चढते. आपल्याला खरंच किती लांबचं पाहायचं असतं? विहिरीपासून शेवटच्या वाफ्यापर्यंत शंभर-दीडशे मीटर. पायवाटेवर दहा-पंधरा.

जास्तीचे पैसे नेमके कुठे जातात?

सर्वांत आधी आतल्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे सेलमधून एलईडीकडे किती वीज जाऊ द्यायची हे ठरवणाऱ्या छोट्या सर्किटमध्ये. स्वस्त टॉर्च लावल्यापासून मंद होत जातो. आपले डोळे त्या मंदपणाला सरावतात आणि उजेड किती उतरला हे लक्षातच येत नाही. चांगला ड्रायव्हर ठरलेला उजेड सेल संपत येईपर्यंत टिकवतो, मग पायरीपायरीने उतरवतो आणि दिवा लाल करून इशारा देतो. तुम्हाला घरी परतायला वेळ मिळतो. महागड्या टॉर्चचं मोल मी सगळ्यांत जास्त इथेच मानतो.

दुसरं, उष्णता. एलईडी थंड असतो हा गैरसमज आहे. ती उष्णता बाहेर पडली नाही तर एलईडीचं आयुष्य घटतं. चांगल्या टॉर्चमध्ये एलईडी तांब्याच्या पट्टीवर बसवलेला असतो, अंगाला खाचा असतात आणि तापमान वाढलं की उजेड आपोआप कमी होतो.

तिसरं म्हणजे पाणी. जोडांतल्या रबरी रिंगा, बटणावरचं आवरण, काचेभोवतीची सील. चौथं, सेल स्वतः. मग धातूवरचा कठीण थर, आटे किती सफाईने कापलेत, अशा गोष्टी येतात. त्यानंतर ब्रँडचं नाव. एका मर्यादेपुढे पैसे फक्त नावाला आणि टायटेनियमच्या नळीला जातात. टायटेनियम दिसायला देखणं, पण उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियमच्या पासंगालाही पुरत नाही.

स्वस्तातले पाच टॉर्च बदलण्यापेक्षा एक महागडा परवडतो, हे खरं ना?

निव्वळ पैशांचा हिशेब केला तर नाही. चारशे रुपयांचा टॉर्च वर्षाला एक बदललात तरी दहा वर्षांत चार हजार होतात. पाच हजारांचा टॉर्च दहा वर्षं टिकला तरी मध्ये एक-दोनदा सेल बदलावा लागतो. म्हणजे महागडाच महाग पडला. विक्रेते हा मुद्दा हमखास मांडतात, त्याला भुलू नका.

पैसे मोजायचे ते भरवशासाठी. त्या दहा वर्षांत चारशेवाला टॉर्च दहा वेळा मेला, पण कुठे मेला? शेडमध्ये मेला तर काही बिघडलं नाही. रात्री दोन वाजता ऊस भिजवताना मेला तर त्याची किंमत चारशे रुपये नसते.

आम्ही रात्री मोटर चालू करायला जातो. आम्हाला कोणता घ्यावा?

हा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा वाटतो, म्हणून सविस्तर.

राज्यात शेतीची थ्री फेज वीज कित्येक फीडरवर आठवड्याआड दिवसा आणि रात्री अशी येत आली आहे. दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. जिथे दिवसाची वीज पोहोचली तिथे उत्तमच. जिथे नाही, तिथे माणूस रात्री बांधावर आहे आणि त्याच्या हातात बहुतेकदा चार्जिंगचा स्वस्त टॉर्च आहे.

या स्वस्त टॉर्चपैकी पुष्कळांच्या पोटात चार व्होल्टची शिशाची बॅटरी असते. ती पूर्ण उतरून तशीच पडून राहिली की खराब होते. पावसाळ्यात महिना-दोन महिने टॉर्च खुंटीला राहतो आणि रब्बीत काढला की दहा मिनिटांत मंदावतो, याचं कारण ते. लिथियम सेलचा टॉर्च अर्धा चार्ज करून ठेवला तर काही महिन्यांनीही कामाला येतो. तेवढ्यासाठी पाच हजार लागत नाहीत, दीड-दोन हजारांत काम होतं.

पाहायचं ते असं: रुंद झोत, १०० ते १५० लुमेनवर रात्रभर चालणं, गरज पडली तर ५००-८०० ची पायरी, सेल बाहेर काढून बदलता येणं, आणि पाण्यात पडला तरी टिकणं. झोत चिंचोळा नको. चिंचोळ्या झोतात लांबचा खांब दिसतो आणि पायाखालची मण्यार राहून जाते.

सापाचा विषय निघाला आहे तर रंगाबद्दलही सांगतो. निळसर पांढऱ्या उजेडात तपकिरी, विटकरी रंग एकमेकांत मिसळतात. वाळक्या पाल्यात घोणस किंवा फुरसं वेगळं दिसायचं असेल तर किंचित पिवळसर, म्हणजे ४००० ते ५००० केल्विनचा उजेड आणि रंग नीट दाखवणारा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या आसपासचा एलईडी बरा. यात लुमेन थोडे कमी मिळतात. ते सोडून द्यावेत. २००० ते २०१९ या काळाच्या अभ्यासात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८००० मृत्यू होत असल्याचा अंदाज आला आहे, आणि त्यात खेड्यांतली माणसंच जास्त. उजेडाने साप पळत नाही, उजेडाने तो आपल्याला दिसतो इतकंच. म्हणून गुडघ्यापर्यंतचे गमबूट आधी घ्या. बजेट तीन हजारांचं असेल तर बूट आणि दीड-दोन हजारांचा टॉर्च, असंच मी सांगेन.

जुन्नर-आंबेगावकडे बिबट्याची भीती आहे. प्रखर टॉर्चने तो पळतो का?

पळेलच असं धरून चालू नये. टॉर्चचा फायदा असा की त्याचे डोळे लांबून चमकतात आणि तो कुठे आहे हे आधी कळतं. इथे मात्र लांब पल्ल्याचा झोत उपयोगी पडतो, उसाच्या कडेने चालताना तर फारच. पण वनविभागही सांगतो तेच खरं: एकट्याने जाऊ नका, मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून जा, उघड्यावर वाकून बसू नका. दिसलाच तर पाठलाग करून डोळ्यांत झोत मारू नका, त्याला जायला वाट ठेवा. पिल्लं असलेली मादी असेल तर दहा हजारांचा टॉर्चही वाचवणार नाही.

सह्याद्रीत ट्रेकला टॅक्टिकल टॉर्च न्यावा का?

पहिला मान हेडटॉर्चला. कळसूबाईच्या शिड्या असोत की हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, दोन्ही हात मोकळे हवेत. हातातला टॉर्च दुसऱ्या क्रमांकावर, वाट शोधायला आणि मागे राहिलेल्याला खूण करायला.

पावसाळ्यात कोकणकड्याकडून ढग वर आले की १००० लुमेनचा झोत समोर पांढरी भिंत उभी करतो. धुक्याचे थेंब तोच उजेड डोळ्यांवर परत फेकतात. तेव्हा उजेड कमी करा आणि टॉर्च डोळ्यांजवळ न धरता कंबरेच्या उंचीवर, खाली झुकवून धरा. जमिनीचा उंचसखलपणा सावल्यांतून दिसू लागतो. हे महागड्या टॉर्चने साधत नाही, धरण्याच्या पद्धतीने साधतं.

अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. एकदा फुल पॉवर मारली की ती कमाई गेली. म्हणून एक-दोन लुमेनची अगदी मंद पायरी असलेला टॉर्च तंबूत आणि गुहेत सोन्यासारखा.

काजवे, कासवं बघायला जाताना कोणता न्यावा?

प्रखर टॉर्च नेऊच नका. मे अखेर ते जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची भागात काजव्यांचा मिलनाचा काळ असतो. त्यांचा सगळा संवाद उजेडाच्या उघडझापेवर चालतो. झाडावर झोत मारणारा माणूस त्या रात्रीचा तो संवादच तोडतो. वेळासला समुद्राकडे निघालेल्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या पिल्लांची दिशाही कृत्रिम उजेडाने चुकते. पायापुरता मंद, शक्यतो तांबडा उजेड, तोही जमिनीकडे.

आयपीएक्स ७, आयपीएक्स ८, आयपी ६८ यांत काय घ्यायचं?

पाणी आणि धूळ आत किती रोखली जाते याचे हे दर्जे. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे चालतील. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स ८ म्हणजे त्याहून खोल, किती ते कंपनीने सांगायचं. 'एक्स'च्या जागी ६ असेल तर धुळीपासूनही पूर्ण बचाव. आपल्या पावसाला आयपीएक्स ७ पुरेसं आहे. पुढे-मागे सरकवून झोत लहान-मोठा करायच्या टॉर्चपासून पावसात दूर राहा, त्या सरकत्या जोडातून पाणी आत जातं.

'लष्करी दर्जा' लिहिलेलं असेल तर?

तो कुठला प्रमाणित दर्जा नाही. अमेरिकी संरक्षण खात्याची एमआयएल-एसटीडी-८१० नावाची चाचण्यांची पुस्तिका आहे, पण त्यातली कोणती चाचणी घेतली हे लिहिलेलं नसेल तर त्या शब्दांना वजन नाही.

उघडझापीच्या झोताने हल्लेखोर आंधळा होतो का?

काही क्षण दिपतो, बस. पळायला अवधी मिळाला तर घ्यावा. बाईच्या पर्समध्ये संरक्षण म्हणून एवढाच टॉर्च द्यावा आणि निर्धास्त व्हावं, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. रस्त्यावर समोरच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांत तर चुकूनही मारू नका.

कोणत्या किमतीत काय मिळतं?

पाचशेच्या आत घरापुरता. दीड ते तीन हजारांत ॲल्युमिनियमचं अंग, बदलता येणारा १८६५० सेल, टाइप-सी चार्जिंग आणि बऱ्यापैकी ड्रायव्हर. पाच ते दहा हजारांत फेनिक्स, नाइटकोर, ओलाइट यांसारख्या कंपन्यांचे टॉर्च येतात. आकडे खरे, हमी काही वर्षांची, सुटे भाग मिळण्याची शक्यता जास्त. पंधरा-वीस हजारांपुढे श्योरफायरसारखे. ते ज्यांच्या कामाच्या वर्दीचा भाग आहेत त्यांच्यासाठी. छंद म्हणून घ्यायला माझी ना नाही, पण गरज म्हणून कुणाला कर्ज काढून घ्यायला सांगणार नाही.

आणि हे ठासून सांगतो: आठ हजारांचा एक टॉर्च घेऊन निघण्यापेक्षा दोन-दोन हजारांचे दोन घेऊन निघणारा माणूस जास्त सुरक्षित आहे. कितीही चांगला टॉर्च दरीत पडू शकतो.

खरेदी करताना काय तपासू?

सेल बाहेर निघतो का आणि तो नेहमीच्या मापाचा आहे का, हे आधी. काही महागड्या टॉर्चमध्ये कंपनीचाच खास सेल लागतो, दोन्ही टोकं एकाच बाजूला असलेला. तालुक्याच्या गावात तो मिळणार नाही. सेलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर'पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. टाइप-सी चार्जिंग असेल तर मोबाइलची दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेली वायर लावून बघा. काही टॉर्च जुन्या चौकोनी यूएसबीच्या वायरवरच चार्ज होतात. हमी हवी असेल तर भारतातल्या अधिकृत आयातदाराचं बिल घ्या, परदेशातून मागवलेल्यावर ती इथे चालेलच असं नाही.

शेवटी शेपटीचं बटण अर्धवट दाबून हलकेच हलवा. उजेड थरथरला तर दुसरा नग मागा.

बंद टॉर्च दप्तरात लागून राहतो, काय करू?

शेपटी पाव फेरा सैल करा. आतला संपर्क तुटतो. बंद पिशवीत १००० लुमेनवर चुकून लागलेला टॉर्च कापड जाळू शकतो, म्हणून ही सवय लावाच.

विमानातून नेता येतो का?

सुटे लिथियम सेल चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, ते डबीत घालून हातातल्या बॅगेत ठेवायचे.

निगा काय ठेवायची?

वर्षातून एकदा आटे पुसून रबरी रिंगांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. फुगलेला, आवरण फाटलेला किंवा चार्ज होताना हाताला चटका देणारा सेल पुन्हा वापरू नका, उकिरड्यावर किंवा चुलीजवळही टाकू नका. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात किंवा विक्रेत्याकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.